संगणक सुरू होतो, काम सुरू होत नाही

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत संगणक दुरुस्तीसाठी फिरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला वर्षभर एक तक्रार ऐकावी लागते. बटण दाबलं, विंडोजचं चिन्ह आलं, डेस्कटॉपही दिसला. पण टॅली उघडेना, ब्राउझर उघडेना, नुसतं गोल फिरतंय. आणि थोड्या वेळानं तोच संगणक काही झालंच नाही अशा थाटात पळायला लागतो. भिगवण चौकातलं कर सल्लागाराचं ऑफिस असो, निमगाव केतकीचं कृषी सेवा केंद्र असो, लासुर्ण्याची पतसंस्था असो की सणसरकडचं दूध संकलन केंद्र. तक्रार तीच, आणि गिऱ्हाईकानं आधीच ठरवून ठेवलेला उपायही तोच : ‘फॉरमॅट मारा.’

या कामातून जे हाती लागलं ते इथं क्रमानं मांडतो. सगळ्याचं सार सांगायचं तर, सुरुवातीच्या काही मिनिटांत संगणकाच्या दारात मोठी रांग लागलेली असते. रांगेत कोण कोण उभं आहे ते आधी पाहावं, मग खिशात हात घालावा.

१. ‘लय स्लो’ हे माप नव्हे

फोनवर ‘दादा, लय स्लो झालाय’ असं कुणी म्हटलं की मी दोन वेळा विचारतो. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत किती वेळ लागतो? आणि डेस्कटॉप दिसल्यापासून पहिला प्रोग्रॅम खरोखर वापरता येईपर्यंत किती? या दोन वेळांची कारणं वेगळी असतात. पहिली जास्त असेल तर हार्डवेअर, ड्रायव्हर किंवा खुद्द विंडोजकडे बघायचं. दुसरी जास्त असेल तर विंडोजबरोबर आणखी काय काय सुरू होतंय ते बघायचं.

विंडोज स्वतःही हा हिशेब असाच ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’ नावाची नोंदवही आहे. तिथल्या १०० क्रमांकाच्या नोंदीत सुरू व्हायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत असतो, आणि त्याचे डेस्कटॉप येईपर्यंतचा आणि नंतरचा असे दोन भाग पाडलेले असतात. दुसरा भाग कधी संपला मानायचा, याचाही नियम आहे : संगणक किमान ८० टक्के मोकळा असल्याची १० सेकंदं जमा झाली की. १०१ क्रमांकाची नोंद रेंगाळलेल्या प्रोग्रॅमचं नाव सांगते, १०२ ड्रायव्हरचं आणि १०३ सेवेचं. प्रत्येक संगणकावर या नोंदी सापडतीलच असं नाही, पण सापडल्या तर अर्धं निदान फुकटात होतं. नाहीच सापडल्या तर मोबाईलचं स्टॉपवॉच आहेच.

२. डिस्क १०० टक्के, पण वेग एक एमबी

आपल्या भागातल्या जुन्या संगणकांत अजूनही फिरती हार्ड डिस्क असते. मिनिटाला ७,२०० फेऱ्या, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, त्यात डोकं इकडून तिकडे सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५-८० खेपा. एका खेपेत चार केबीचा तुकडा उचलला तर सेकंदाला फक्त ३०० केबी होतात. हीच डिस्क एक मोठी फाईल सलग वाचताना सेकंदाला १०० एमबीच्या पुढे जाते. लॅपटॉपमधली ५,४०० फेऱ्यांची डिस्क तर त्याहून सावकाश.

गळीत हंगामात भवानीनगरला किंवा सोमेश्वरनगरला कारखान्याच्या वजनकाट्यापुढची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या एकदम येऊन थडकतात आणि काट्यावर एका वेळी एकच वाहन चढतं. काटा बिघडलेला नसतो, ट्रॅक्टरही बिघडलेला नसतो. डेस्कटॉप दिसल्या दिसल्या अँटिव्हायरस, अपडेट, फाईल शोधाची अनुक्रमणिका, प्रिंटरचं सॉफ्टवेअर आणि वर आपण क्लिक केलेली टॅली, असे सगळे एकदम डिस्ककडे धावतात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि शेजारी वेग एखादा एमबी दिसला, की ओळखावं, रांग काट्यावर आहे.

एसएसडीत फिरणारी तबकडी नाही आणि सरकणारं डोकंही नाही. असे छोटे तुकडे ती सेकंदाला हजारोंच्या संख्येनं देते. म्हणून एसएसडी टाकल्यावर सगळ्यात मोठा फरक जाणवतो तो याच पहिल्या मिनिटांत.

३. क्लिक एकदाच

टॅली उघडली नाही म्हणून पुन्हा डबल क्लिक, मग पुन्हा. प्रत्येक क्लिक म्हणजे रांगेत आणखी एक गिऱ्हाईक. शेवटी सगळ्या खिडक्या एकदम उघडतात आणि त्या बंद करण्यात आणखी वेळ जातो. दुसरी सवय रिफ्रेशची. संगणक सुरू झाला की डेस्कटॉपवर उजवं क्लिक करून पाच-सात वेळा रिफ्रेश मारणं हा आपल्याकडचा नित्यनेमच आहे. त्यानं डेस्कटॉपवरची चिन्हं नव्यानं काढली जातात, एवढंच. वेग तसूभरही वाढत नाही. हात शिवशिवत असतील तर तेवढ्यात उदबत्ती लावून घ्यावी.

४. आधी टास्क मॅनेजर, मग स्क्रू-ड्रायव्हर

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. संथपणा चालू असतानाच तो बघायचा. संगणक सुरळीत झाल्यावर बघून काही कळत नाही. डिस्कचा रकाना भरलेला असेल तर वर सांगितलेली रांग. मेमरीचा रकाना ९० टक्क्यांच्या घरात असेल तर रॅम अपुरी पडतेय. रॅममध्ये न मावणारा मजकूर विंडोज डिस्कवर ठेवतं, म्हणजे त्याचाही बोजा पुन्हा डिस्कवरच. चार जीबी रॅमवर विंडोज १०, अँटिव्हायरस आणि ब्राउझर एवढे तिघेही दाटीवाटीनंच बसतात. सीपीयूचा रकाना भरलेला असेल तर कोण खातंय ते त्याच यादीत सगळ्यात वर दिसतं. आणि तिन्ही रकाने रिकामे असूनही प्रोग्रॅम उघडत नसेल, तर मामला वेगळाच आहे. त्याबद्दल नवव्या मुद्द्यात.

५. स्टार्टअपची यादी ही न बोलावलेल्या पाहुण्यांची यादी

बरंचसं नवं सॉफ्टवेअर टाकताना ते गुपचूप स्वतःला ‘संगणकाबरोबर सुरू हो’ अशी परवानगी देऊन टाकतं. विंडोज ८ पासून ही यादी टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ या भागातच दिसते. त्याआधी ‘एमएसकॉन्फिग’मध्ये जावं लागायचं. प्रत्येक नावासमोर ‘इम्पॅक्ट’ लिहिलेला असतो. सुरू होताना एका सेकंदापेक्षा जास्त सीपीयू किंवा तीन एमबीपेक्षा जास्त डिस्क वापरली की ‘हाय’. यादी त्या रकान्यावर लावून घ्यावी आणि वरून खाली यावं.

सरसकट सगळं बंद करणारे हात मात्र महागात पडतात. आपले सरकार सेवा केंद्रावर बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सेवा, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर आणि मराठी टायपिंगचा कीबोर्ड हे नको म्हणून चालत नाही. ते बंद केलं तर संगणक पळतो, पण दाखला निघत नाही आणि रांग टेबलासमोर लागते. माझा नियम असा : अँटिव्हायरस, ठसा, सही, टायपिंग आणि साउंड-टचपॅडचे ड्रायव्हर यांना हात लावायचा नाही. प्रिंटरची शाई दाखवणारं, गाणी वाजवणारं, मीटिंगचं, फोनशी जोडणारं आणि ‘संगणक फास्ट करून देतो’ म्हणणारं सॉफ्टवेअर बंद करायचं. बंद करायचं म्हणजे ‘डिसेबल’, काढून टाकायचं नाही. उद्या लागलं तर एका क्लिकमध्ये परत सुरू होतं. आणि दोन अँटिव्हायरस एका संगणकावर कधीच ठेवू नयेत. एकानं उघडलेली फाईल दुसरा तपासत बसतो.

६. लागतं, पण लगेच लागत नाही

काही गोष्टी हव्याच असतात. फक्त पहिल्या मिनिटात नको असतात. विंडोजच्या सेवांमध्ये व्हिस्टापासून ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ असा पर्याय आहे. तो निवडला की ती सेवा साधारण दोन मिनिटं थांबून सुरू होते. बॅकअपचं सॉफ्टवेअर, अपडेट तपासणाऱ्या सेवा यांच्यासाठी हा पर्याय उत्तम. प्रोग्रॅमचं काम टास्क शेड्युलरमधून ‘लॉग ऑन झाल्यानंतर इतक्या मिनिटांनी’ असंही लावता येतं.

याचा खरा उपयोग मला दूध संकलन केंद्रांवर समजला. सकाळी सहाच्या आत किटल्या येऊन उभ्या राहतात. उत्पादकाचा कोड टाकायचा, वजन घ्यायचं, नमुना फॅट मशीनला लावायचा, पावती छापायची. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो आणि दहा दिवसांचं बिल याच नोंदींवर निघतं. त्यामुळं नोंद वहीत लिहू, मग चढवू, असं म्हटलं की वादाला तोंड फुटतं. अशा ठिकाणी संकलनाचा प्रोग्रॅम सगळ्यात आधी आणि बाकी सगळं पंधरा मिनिटांनी, असं लावून दिलं की सकाळचा आरडाओरडा थांबतो. खर्च शून्य.

७. टेम्प पुसा, प्रीफेच पुसू नका

‘रन’मध्ये जाऊन टेम्प, टक्का-टेम्प-टक्का आणि प्रीफेच हे तीन मंत्र म्हणायचे आणि आत दिसेल ते सगळं पुसायचं, ही विद्या आपल्याकडे एकाकडून दुसऱ्याकडे जाते. पहिल्या दोघांतून जागा मोकळी होते. डिस्क गच्च भरली असेल तर त्याचा फायदाही होतो. प्रीफेचचं मात्र उलटं आहे. एखादा प्रोग्रॅम उघडताना पहिल्या दहा सेकंदांत कोणत्या फाइलींचे कोणते भाग लागले याची नोंद विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, विंडोज त्या फोल्डरमध्ये ठेवतं. पुढच्या वेळी ते भाग आधीच आणि जमेल तितके ओळीनं वाचून घेतं, म्हणजे डिस्कच्या खेपा वाचतात. ते पुसलं की पुढचं उघडणं हमखास सावकाश. रोज सकाळी प्रीफेच पुसणारे रोज सकाळी संगणक स्लो झाल्याची तक्रार करतात, यात नवल नाही.

८. शटडाऊन केलं म्हणजे पूर्ण बंद झालं असं नाही

२०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. शटडाऊन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवतं आणि सकाळी तोच उचलून रॅममध्ये ठेवतं. त्यामुळं डेस्कटॉप लवकर दिसतो. पण एखादा ड्रायव्हर अडकलेला असेल तर तो अडकलेलाच परत येतो. पुरावा हवा असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, आणि तिथं ‘अपटाइम’ बघा. रोज संध्याकाळी बंद होणाऱ्या संगणकाचा अपटाइम कित्येक दिवसांचा दिसतो आणि मालक आपल्याकडे संशयानं बघतो.

‘रीस्टार्ट’ केलं की मात्र सगळं मुळापासून नव्यानं सुरू होतं. म्हणून आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करावं, आणि कुठलाही निष्कर्ष काढण्याआधी तर करावंच. रीस्टार्टनंतर सगळं सुरळीत झालं आणि दोन-चार दिवसांत पुन्हा बिघडलं, तर फास्ट स्टार्टअप बंद करून पाहावं. पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवरचं बटण काय करेल ते ठरवायच्या पानावर त्याची टिकची खूण आहे. फिरत्या डिस्कवर ती काढली तर डेस्कटॉप थोडा उशिरा येईल, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगून ठेवावं.

९. काही वेळा संगणक काम करत नसतो, वाट बघत असतो

सीपीयू रिकामा, डिस्क रिकामी, मेमरी भरपूर, तरी प्रोग्रॅम उघडत नाही. म्हणजे तो कुणाच्या तरी उत्तराची वाट बघतोय. खत-औषधांच्या दुकानात टॅलीचा डेटा मागच्या खोलीतल्या संगणकावर असतो आणि पुढच्या काउंटरवरचा संगणक आधी सुरू होतो. टॅली मागच्या फोल्डरला हाका मारत बसते. तिथं उपाय म्हणजे आधी मागचा संगणक चालू करायचा, मग पुढचा. टॅलीत उघडल्याबरोबर आपोआप लोड होणाऱ्या कंपन्यांत जुन्या सगळ्या वर्षांच्या कंपन्या असतील तर चालू वर्षाची ठेवून बाकीच्या काढाव्यात. कधीकाळी जोडलेला आणि आता भंगारात गेलेला नेटवर्क ड्राइव्ह किंवा प्रिंटर यादीत असेल तर तो हटवावा. विंडोज त्याला रोज इमानेइतबारे शोधत असतं.

दूध केंद्रावर याचा आणखी एक प्रकार आढळतो. वजनकाटा आणि फॅट मशीन यूएसबी-सिरियल वायरीनं जोडलेलं असतं. रात्री कुणी झाडलोट करताना वायर काढून शेजारच्या खाचेत लावली की काही वायरींच्या बाबतीत कॉम ३ चा कॉम ५ होतो आणि प्रोग्रॅम कॉम ३ पाशी ताटकळत राहतो. खाचेवर रंगाचा ठिपका द्यावा. संगणकशास्त्रात याला काही नाव नाही, पण काम होतं.

घड्याळाची बॅटरी संपणं हाही याच जातीचा आजार. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल गेला की तारीख मागं जाते. मग सुरक्षित संकेतस्थळं प्रमाणपत्र चुकीचं म्हणून अडवतात आणि इंटरनेटवरून परवाना तपासणारे प्रोग्रॅम अडून बसतात. कोपऱ्यातली तारीख बघायला दोन सेकंद लागतात. तेवढी सवय लावून घ्यावी.

१०. हजार फॉन्ट, एक लग्नपत्रिका

डीटीपीवाल्यांचा संगणक हे वेगळं प्रकरण. श्रीलिपी, आयएसएम आणि कुठून कुठून पेनड्राइव्हवर आलेले सुलेखनाचे फॉन्ट मिळून फॉन्टचं फोल्डर फुगलेलं असतं. कोरल ड्रॉ उघडताना ती सगळी यादी चाळतं. लग्नसराईत पत्रिका, आणि सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असल्यानं ऑगस्टपासून अहवालांची छपाई. नेमक्या घाईच्या दिवसांत कोरल उघडायला चहा पिऊन येण्याइतका वेळ लागतो. रोजचे वीस-पंचवीस फॉन्ट बसवलेले ठेवावेत, बाकीचे वेगळ्या फोल्डरमध्ये नावानिशी ठेवून लागतील तेव्हा बसवावेत. जुन्या गिऱ्हाईकाची फाईल आली तर दोन मिनिटं जास्त जातील, पण रोजची वाचतील.

११. लाईट, काजळी आणि ऊन

लाईट अचानक गेली आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर पुढच्या वेळी विंडोज डिस्क तपासायला बसू शकतं. हे वारंवार होत असेल तर यूपीएसची बॅटरी बदलणं हाच वेगाचा उपाय. हंगामात उसाच्या पट्ट्यातल्या दुकानांत बारीक काजळी पंख्यावर बसते, आणि एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला संगणक आधीच तापलेला असतो. प्रोसेसर तापला की स्वतःहून वेग कमी करतो. हंगाम संपला की एकदा ब्लोअर मारून घ्यावा.

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल किंवा एकच फाईल उघडताना सगळं गोठत असेल, तर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची तब्येत बघावी. पिवळी ‘कॉशन’ खूण आली किंवा वाचता न येणाऱ्या, बदली झालेल्या सेक्टरांचे आकडे वाढताना दिसले, तर वेगाचा विचार बाजूला ठेवायचा. आधी डेटाची प्रत, मग बाकी सगळं. अशा डिस्कवर फॉरमॅट मारणं म्हणजे पतसंस्थेच्या खातेवह्यांवर पाणी सोडणं.

१२. फॉरमॅट सगळ्यात शेवटी

फॉरमॅट मारल्यावर संगणक पळतो, हे खरं आहे. कारण स्टार्टअपची यादी कोरी झालेली असते. पण आठवड्याभरात तेच अँटिव्हायरस, तोच प्रिंटर, तेच टोकन, तेच मीटिंगचं सॉफ्टवेअर परत येतं आणि रांगही परत येते. मधल्या काळात टॅलीचा परवाना, सहीचे ड्रायव्हर, बँकेची सेटिंग्ज आणि फॉन्ट पुन्हा बसवण्यात गेलेला दिवस कुणी मोजत नाही.

खर्चाचा क्रम मी असा लावतो. आधी रीस्टार्ट आणि टास्क मॅनेजर, मग स्टार्टअपची यादी, मग वाट बघायला लावणारी कारणं. इथपर्यंत पैसे लागत नाहीत. एवढं करूनही डिस्क १०० टक्क्यांवरच राहिली तर एसएसडी, आणि जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत तिच्यावर, म्हणजे काहीच नव्यानं बसवावं लागत नाही. मेमरी भरत असेल तर रॅम. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. म्हणून जो संगणक विंडोज ११ ला चालणारच नाही, त्यावर मोठा खर्च करण्याआधी मालकाशी बोलून घ्यावं. मग उरला तर फॉरमॅट.

आणि काम झाल्यावर कॅबिनेटच्या बाजूला एक कागद चिकटवावा : तारीख, काय बंद केलं, काय बदललं, आधी डेस्कटॉपला किती वेळ लागत होता आणि प्रोग्रॅमला किती, आणि आता किती. पुढच्या वेळी मी येईन किंवा दुसरा कुणी. त्याला अंदाजानं सुरुवात करावी लागणार नाही, आणि मालकालाही आपले पैसे कशात गेले ते दिसेल.